नेहरूंचे आठ आणे: एक चेहरा, दोन लिपी

जवाहरलाल नेहरूंच्या स्मरणार्थ 1964 मध्ये काढलेले पन्नास पैशांचे नाणे हातात घेतले की सर्वांत आधी जाणवते ते त्याचे मितभाषीपण. एका बाजूला सारनाथचा सिंहस्तंभ, देशाचे नाव आणि मूल्य आहे. दुसऱ्या बाजूला डावीकडे पाहणारा नेहरूंचा चेहरा, त्यांचे नाव आणि 1889-1964 ही दोन साले आहेत. ‘स्मरणार्थ’ हा शब्द नाही, घोषवाक्य नाही, बोधचिन्ह नाही, की मागे एखादी इमारतही नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील आपली स्मारक नाणी ज्यांनी पाहिली आहेत, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेत व्यक्तीचे चित्र, संस्थेचे नाव, वर्धापनाचा आकडा आणि दोन भाषांतील मजकूर कोंबलेला पाहण्याची ज्यांच्या डोळ्यांना सवय झाली आहे, त्यांना हे नाणे सुरुवातीला रिकामे वाटण्याची शक्यता आहे. मलाही ते तसेच वाटले होते. आता माझ्या संग्रहातील स्वतंत्र भारताच्या चलनी स्मारक नाण्यांपैकी रचनेच्या दृष्टीने सर्वांत जमलेले नाणे मी यालाच मानतो, आणि या मताला एक अट जोडतो: ते जोडीने पाहावे, कारण हे नाणे मुळात दोन रूपांत पाडले गेले आणि एकट्या रूपात ते अर्धेच कळते.

स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांची सुरुवात याच नाण्यापासून आणि त्याच्या सोबतच्या एक रुपयापासून होते. त्याआधीचा क्रम लक्षात घेतला तर नाणे घडवणाऱ्यांपुढे केवढा अवघड प्रश्न होता ते समजते. 1947 पर्यंत आपल्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जचे मुकुटधारी मस्तक होते. 1950 मध्ये प्रजासत्ताकाची स्वतःची नाणी आली आणि राजाच्या जागी सिंहस्तंभ बसला; पुढची चौदा वर्षे भारतीय नाण्यावर कोणत्याही माणसाचा चेहरा नव्हता. राजाचे मस्तक काढून टाकलेल्या देशाने पुन्हा नाण्यावर माणूस आणायचा, तर तो राजासारखा दिसता कामा नये. पण नाण्यावरचा चेहरा म्हटले की टांकसाळीच्या हाताला वळण मात्र त्या जुन्या, बाजूने दिसणाऱ्या राजमुद्रेचेच लागलेले. येथे काढलेला मार्ग मला फार आवडतो. चेहरा बाजूनेच आहे आणि सहाव्या जॉर्जसारखा डावीकडेच पाहतो, पण डोक्यावर काहीही नाही. मुकुट तर नाहीच, छायाचित्रांतून घरोघरी ओळखीची झालेली पांढरी टोपीही नाही. उघडे कपाळ, मागे सरकलेले केस आणि वयाने थोडा उतरलेला गाल, एवढ्यावर ओळख पटवायची हे धाडस आहे. टोपी घातली असती तर ओळख सोपी झाली असती, आणि चेहऱ्याचे काम टोपीने केले असते. सहावा जॉर्ज असलेला जुना रुपया आणि हे नाणे शेजारी ठेवून पाहावे. राजमुद्रेचे व्याकरण तेच ठेवून त्यातून राजा कसा वजा केला आहे ते एका नजरेत दिसते.

मूल्य छापण्याच्या बाबतीतही हे नाणे एका सांध्यावर उभे आहे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान पद्धत आली तेव्हा जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून नव्या एककाला ‘नया पैसा’ म्हटले गेले आणि पुढे आलेल्या अर्ध्या रुपयाच्या नाण्यावर ‘50 नये पैसे’ असे शब्द आले. हा ‘नया’ 1 जून 1964 पासून अधिकृतपणे गळाला. नेहरूंचे निधन 27 मे 1964 रोजी झाले. म्हणजे ज्या दशमान चलनाची सुरुवात त्यांच्या कारकिर्दीत झाली, त्या चलनातला ‘नया’ त्यांच्यामागून पाचव्या दिवशी गेला आणि त्यांच्या नाण्यावर नुसते ‘पैसे’ उरले. बोलण्यात अर्थात यातले काहीच टिकले नाही. सरकारने नया पैसा म्हटले, नुसता पैसा म्हटले, तरी आपल्याकडे बाजारात हे नाणे ‘आठ आणे’च राहिले, आणि नाण्यांच्या प्रदर्शनात मराठी विक्रेत्याशी बोलताना मी आजही ‘नेहरूंचे आठ आणे आहेत का’ असेच विचारतो.

धातू शुद्ध निकेल, वजन 5 ग्रॅम, व्यास 24 मिलिमीटर. हे आकडे रुक्ष वाटले तरी या नाण्याच्या अनुभवाचा मोठा भाग त्यांतच आहे. निकेल कठीण असते. त्यामुळे ते सहज झिजत नाही, तांब्याच्या नाण्यासारखे काळे-हिरवे पडत नाही, आणि साठ वर्षांनंतरही चांगल्या स्थितीतल्या नाण्यावर किंचित राखाडी झाक असलेली थंड चमक असते, जी नंतरच्या तांबे-निकेल मिश्रधातूच्या नाण्यांना कधीच आली नाही. टेबलावर टाकले की आवाजही खणखणीत येतो. पण कठीण धातूचा दोषही असतो. तो साच्यात सहजासहजी भरत नाही, आणि साचा थोडा झिजला की उठाव लगेच मऊ पडतो. त्यामुळे वापरलेल्या नाण्यांत जे झिजल्यासारखे दिसते ते दर वेळी झिजलेलेच असते असे नाही. कधी ते मुळातच कमी उठावाने पडलेले असते. कानाच्या वरचे केस आणि सिंहाच्या आयाळीचे पट्टे या दोन जागा भिंगातून पाहाव्यात. तेथे तपशील नाही पण बाजूच्या सपाट पृष्ठभागावर मूळ चमक अखंड आहे, असे असेल तर दोष टांकसाळीचा आहे, वापराचा नव्हे. आणि विक्रेता ‘झिजलेले’ म्हणून कमी भाव सांगत असेल तर गप्प बसून ते घ्यावे.

आता प्रकारांकडे. नाण्यांच्या छंदात ‘प्रकार’ म्हटले की बहुधा भिंगाखालच्या गोष्टी निघतात: सालातला एखादा आकडा मोठा की लहान, अक्षराचा पाय सरळ की वाकडा, टिंब आहे की नाही. या नाण्याचा मुख्य प्रकारभेद मात्र हातभर अंतरावरून दिसतो, आणि तो चुकून झालेला नाही, ठरवून केलेला आहे. एका रूपात चेहऱ्याभोवतीचे नाव देवनागरीत ‘जवाहरलाल नेहरू’ असे आहे. दुसऱ्या रूपात तेच नाव रोमन लिपीत, इंग्रजीत आहे. मूल्य तेच, धातू तोच, मस्तक तेच, साले तीच. म्हणजे एकाच नाण्यावर दोन लिपी बसवण्याऐवजी दोन लिपींना एकेक नाणे दिले गेले.

रचनेच्या अंगाने पाहिले तर हा निर्णय मोलाचा ठरला. 24 मिलिमीटरच्या वर्तुळात मस्तक ठेवल्यावर कडेला जी अर्धचंद्राकृती जागा उरते तिच्यात एक नाव ऐसपैस बसते. दोन नावे बसवायची तर अक्षरे लहान करावी लागतात किंवा मस्तक आत ढकलावे लागते. याची प्रचीती पुढच्याच पायरीवर येते. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त 1969 मध्ये वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये अशी नाणी निघाली. त्यांवर दोन्ही लिपी एकाच बाजूला आल्या: एकीकडे ‘महात्मा गांधी’, दुसरीकडे तेच इंग्रजीत, आणि 1869-1948. रुपयाच्या आकारात ते चालून जाते. आठ आण्यांत मात्र चेहरा दोन पाट्यांच्या मध्ये उभा केल्यासारखा दिसतो. 1985 च्या इंदिरा गांधींच्या पन्नास पैशांवरही हीच पद्धत आहे. तेव्हापासून दोन लिपी एकत्र ही रीतच पडली आणि ती समजण्यासारखीही आहे, कारण एका मूल्याची दोन रूपे पाडायची म्हणजे साचे वेगळे, हिशोब वेगळा आणि लोकांच्या मनात ‘यातले खरे कोणते’ हा प्रश्नही वेगळा. सोय त्या रीतीच्या बाजूने आहे, देखणेपणा 1964 च्या बाजूने आहे.

या दोन रूपांतले मला अधिक भावते ते देवनागरी, आणि ते केवळ आपली लिपी म्हणून नव्हे. शिरोरेषा वर्तुळाच्या वळणाने वाकवणे हे अवघड काम असते. ती तुटली तर शब्द विस्कळीत दिसतो आणि सरळ ठेवली तर नाण्याच्या कडेशी भांडते. येथे ती वळणाबरोबर जाते आणि चेहऱ्याभोवती एक बारीक कमान तयार करते. रोमन अक्षरे सुटी सुटी उभी राहतात. त्यांना अशी कमान करता येत नाही, म्हणून इंग्रजी रूपात नजर आधी मस्तकाकडे जाते आणि देवनागरी रूपात आधी नावाकडे. एकाच साच्यातून आलेला चेहरा लिपी बदलल्यावर थोडा वेगळा भासतो, हे दोन्ही नाणी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. साले मात्र दोन्हींकडे आंतरराष्ट्रीय अंकांतच आहेत, कारण राज्यघटनेच्या 343 व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी अंकांचे तेच रूप ठरवले आहे. देवनागरी नावाखाली देवनागरी अंक असते तर कमान पूर्ण झाली असती, ही माझी एक लहानशी हळहळ.

येथे बाजारातल्या एका शब्दावर आक्षेप नोंदवतो. नाणेसूचींत आणि विक्रेत्यांच्या बोलण्यात या रूपाला ‘हिंदी’ म्हणतात. नाण्यावर मजकूर आहे तो एका माणसाच्या नावाचा. त्याला ना विभक्ती, ना क्रियापद. मराठी वाचक ते मराठी म्हणून वाचतो आणि त्यात त्याला एक मात्राही बदलावी लागत नाही. दुसऱ्या बाजूचा ‘भारत’ही तसाच. 1964 नंतर काही महिन्यांतच, जानेवारी 1965 मध्ये, हिंदीच्या प्रश्नावरून मद्रास राज्यात मोठे आंदोलन पेटले, हे आठवले की या जोडीकडे त्या वादाच्या चष्म्यातून पाहण्याचा मोह होतो. नाण्यात तसे काहीच लिहिलेले नाही, आणि मी ते त्यात वाचत नाही. ‘देवनागरी’ आणि ‘इंग्रजी’, किंवा अधिक काटेकोरपणे ‘देवनागरी’ आणि ‘रोमन’, हीच नावे वापरावीत असे मला वाटते. वहीत तशी नोंद करतो. ऑर्डर देताना मात्र ‘हिंदीवाले’ म्हणावे लागते, नाहीतर समोरच्याला कळत नाही.

आणि तसे म्हणूनही घोटाळा होतोच. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मी ही जोडी मागवली. जाहिरातीत दोन छायाचित्रे होती, एक देवनागरीचे आणि एक इंग्रजीचे. पाकिटातून निघाली ती दोन्ही इंग्रजी. विचारल्यावर उत्तर आले की सिंहाच्या बाजूने नाणी सारखीच असल्यामुळे मोजताना सरमिसळ झाली. हे उत्तर निष्काळजीपणाचे होते, पण खोटे नव्हते. सिंहाची बाजू वर ठेवली तर ही दोन रूपे मलाही वेगळी काढता येत नाहीत. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच चौकटीत मागतो, तेही मला मिळणार असलेल्या नाण्याची, नमुन्याची नव्हे.

टांकसाळीच्या खुणांचा प्रकारभेद त्यानंतरचा. आपल्याकडची सर्वसाधारण रीत अशी की मुंबईची खूण म्हणजे सालाखालचे टिंब किंवा हिरकणी, हैदराबादची खूण तारा, आणि कलकत्त्याची खूण नाही. ‘खूण नाही’ हीच खूण असल्यामुळे झिजलेल्या नाण्यांत एक नेहमीची फसगत होते: मुंबईचे टिंब घासून गेले की नाणे कलकत्त्याचे ठरते. सालाचे आकडे तीक्ष्ण असतील आणि खाली काही नसेल तरच कलकत्ता म्हणावे. आकडेच पुसट असतील तर टांकसाळीचा रकाना कोरा सोडावा. खुणांनुसार संच पूर्ण करण्याचा ज्यांना छंद आहे त्यांनी तो जरूर करावा. मला लिपीच्या जोडीपुढे त्याचे फारसे अप्रूप वाटत नाही.

दोष सांगायचेच तर एक खरोखर खटकतो. नाण्यावर पाडल्याचे साल म्हणून वेगळे काही नाही. 1964 हा आकडा आहे तो निधनाचा. ज्याला इतिहास माहीत आहे त्याला दोन्ही एकच असल्याचे कळते, पण नाणे हा चलनाचा दस्तऐवज आहे आणि त्याने आपले साल स्वतः सांगावे अशी अपेक्षा अवाजवी नाही. गांधीजींच्या नाण्यांत तर हा दोष बळावला: त्यांवर 1869-1948 आहे, आणि ज्याच्या निमित्ताने ती निघाली ते 1969 कोठेच नाही. नवख्या माणसाने ते नाणे 1948 चे समजले तर त्याला हसता येत नाही. दुसरी उणीव सिंहाच्या बाजूची. मूल्य तिकडे गेल्यामुळे त्या बाजूला दाटी झाली आहे. नेहमीच्या नाण्यात मूल्याला स्वतंत्र बाजू मिळते तो मोकळेपणा येथे नाही. चेहऱ्याच्या बाजूची शांतता या बाजूच्या खर्चाने विकत घेतली आहे, असे म्हणता येईल.

सोबतच्या एक रुपयाविषयी थोडक्यात. तोही निकेलचाच, 10 ग्रॅम वजनाचा आणि 28 मिलिमीटर व्यासाचा. हातात भारदस्त वाटतो, चेहरा मोठा असल्यामुळे गालाचा उतार अधिक चांगला दिसतो, आणि केवळ चित्रशिल्प म्हणून निवडायचे असेल तर रुपयाच निवडावा. आठ आण्यांतली दोन लिपींची मजा मात्र आठ आण्यांचीच.

त्याच वर्षी अमेरिकेतही नुकत्याच गेलेल्या नेत्याचा चेहरा अर्ध्या एककाच्या नाण्यावर आला: 1964 चा केनेडींचा अर्धा डॉलर. तेथेही चेहरा डावीकडे पाहणारा आणि उघड्या डोक्याचा आहे. पण ते नाणे नव्वद टक्के चांदीचे होते, लोकांनी ते आठवण म्हणून आणि पुढे चांदी म्हणून घरात ठेवले, आणि ते बाजारात फारसे फिरलेच नाही. आपले निकेलचे आठ आणे फिरले. म्हणूनच आज झिजलेली नेहरूंची नाणी ढिगाने मिळतात आणि चकचकीत शोधावी लागतात. चलनी स्मारक नाण्याने जे करायला हवे ते यानेच केले, असा माझा कौल आहे.

घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. खिशात लहानसे लोहचुंबक असावे. शुद्ध निकेल त्याला चिकटते, आणि 1972 पासूनची तांबे-निकेलची पन्नास पैशांची नाणी चिकटत नाहीत. मात्र पोलादही चिकटते, म्हणून चुंबकाच्या जोडीला वजनकाटाही हवा. चिंच, मीठ, राख, दंतमंजन यांपैकी काहीही या नाण्याला लावू नये. तांब्याचे भांडे लख्ख करण्याची आपली घरगुती विद्या येथे उपयोगाची नाही. निकेलवर काळा थर नसतोच, आणि घासल्याने पृष्ठभागावर एकाच दिशेने बारीक ओरखडे उठतात, जे दिव्याखाली तिरके धरले की लगेच ओळखू येतात. घासून ‘नवे’ केलेले एक नाणे मीही सुरुवातीला चढ्या भावाने घेतले होते. ते अजून ठेवले आहे, पण अल्बममध्ये नाही.

भावाबद्दल एवढेच की वापरलेले नेहरूंचे आठ आणे हे दुर्मीळ नाणे नाही, आणि त्याचे लाखो रुपये मिळतील असे सांगणारे चित्रफितींतले दावे निखालस खोटे आहेत. असे व्यवहार जुळवून देण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागण्याचे प्रकार इतके वाढले की 2021 च्या ऑगस्टमध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही. जादा पैसे मोजायचेच असतील तर ते फक्त स्थितीसाठी मोजावेत.

गंमत अशी की हे नाणे कायद्याने अजून जिवंत आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली, त्यात गांधीजींचे वीस पैसेही गेले. पन्नास पैसे राहिले. नाणे अधिनियम, 2011 प्रमाणे अर्ध्या रुपयाची नाणी दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत, म्हणजे नेहरूंची वीस नाणी एका वेळी देता येतात. दुकानदार ती घेईल की नाही हा वेगळा विषय आहे, आणि संग्राहकाने ती का द्यावीत हा त्याहून वेगळा.

माझ्या अल्बमच्या त्या पानावर आता तीन खण आहेत. पहिल्यात देवनागरी रूप, दुसऱ्यात इंग्रजी, दोन्ही चेहऱ्याच्या बाजूने. तिसऱ्या खणात सिंह वर करून ठेवलेले नाणे आहे. ते त्या चुकलेल्या पाकिटातले जादा इंग्रजी नाणे.